हाडातून ऐकवणारे इम्प्लांट समजावताना या चुका टाळा

नव्याने रुजू झालेले ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) या इम्प्लांटची माहिती देताना दरवर्षी त्याच चुका करतात, आणि त्या निस्तरण्याचे काम शस्त्रक्रियेनंतर माझ्या टेबलावर येते.

माहितीपत्रकातल्या आकृतीने सुरुवात करू नये. मी 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आधी कानासमोर धरते, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवते. ज्याचा कान वर्षानुवर्षे वाहतो किंवा ज्याच्या कानाची नळी जन्मतःच बनलेली नाही, त्याला हाडावरचा आवाज मोठा येतो, आणि कानाचा पडदा व तीन हाडुकांची वाट टाळून कंपने थेट कोक्लियापर्यंत, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या अवयवापर्यंत, पोहोचतात हे त्याला मिनिटभरात उमगते. हे मिनिट वाचवून मोबाइलवर व्हिडिओ दाखवणाऱ्यांची घाई मला कधीच समजलेली नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. उजवा कान पूर्ण बहिरा आणि डावा उत्तम असलेल्या एका किराणा दुकानदाराला मी उत्साहाच्या भरात "आता दोन्ही कानांनी ऐकू येईल" असे सांगून बसले. प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचे आवाज टिपणारे बाहेरचे यंत्र, बसवल्यावर महिन्याभराने ते आले आणि म्हणाले, "मॅडम, उजवीकडचं गिऱ्हाईक ऐकू येतं, पण उजव्या कानाला फोन लावला तर काहीच नाही. कान कुठे सुरू झाला?" त्यांचे खरे होते. प्रोसेसर उजवीकडचा आवाज कवटीतून डाव्या कोक्लियाला पोहोचवतो. उजवा कान बहिराच राहतो आणि आवाजाची दिशाही दोन चांगल्या कानांनी कळते तशी कळत नाही. तेव्हापासून मी अशा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी हेडबँडवर प्रोसेसर लावून डोळे मिटायला सांगते, उजवीकडून हाक मारते आणि ती कुठून आली ते बोटाने दाखवायला लावते. बोट बहुधा डावीकडे जाते, आणि त्यानंतरच मी संमतीपत्राचा विषय काढते.

हे कोक्लियर इम्प्लांट नव्हे, हे पहिल्याच भेटीत सांगावे. ते ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देते, हे हाड हलवते.

टायटॅनियमच्या स्क्रूवर प्रोसेसर बसतो त्या प्रकारात हाडाने स्क्रू पक्का धरेपर्यंत थांबावे लागते, हे सांगायला विसरल्यास टाके निघताच "मशीन कधी?" हा प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवावी.

त्वचेखाली लोहचुंबक असेल, तर एमआरआयपूर्वी इम्प्लांटचे कार्ड दाखवायचे, हे मी लेखी देते आणि सोबतच्या नातेवाइकाकडून एकदा वदवूनही घेते.