पहाटे धापा टाकणारे मासे: शेततळ्यातला माझा अनुभव

श्रावणात दोन-तीन दिवस आभाळ धरलं की आमच्या शेततळ्यातले रोहू-कटला पहाटे तोंड वर काढून धापा टाकायचे. उन्हं चढली की पुन्हा खाली. म्हणजे रोग नव्हे. ढिवर काकाजींनी तर पाहताक्षणी निकाल दिला, "मासोया हवा खायला वर येऊन राहिल्या ना बाप्पा!"

हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी. ढगाळ दिवसात तर कमाईच नाही. त्यात 30 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळतो. या माशांना 5 तरी हवा.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, घ्यायचा तर कृषी फिडरच्या विजेचा नेम नाही. मग घरच्या लाइनवर 1 एचपीचा पंप जोडला. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप, गाळापासून दीड-दोन फूट वर टांगला. गाळ ढवळला तर उरलासुरला प्राणवायूही तोच खातो. पीव्हीसी पाइपाचं टोक बंद करून खालच्या बाजूला भोकं पाडली आणि पाइप बांबूवर माणूसभर उंच बांधला. आता तेच पाणी शॉवरसारखं तळ्यात पडतं. पंप मध्यरात्रीनंतर सुरू करायचा, ऊन येईस्तोवर ठेवायचा.

ढगाळ दिवशी खाद्य अर्धं, शेणखत बंद. कोपरापर्यंत हात बुडवून पंजा दिसला नाही, तर शेवाळ जास्त झालंय; थोडं पाणी कपाशीला सोडून ताजं भरायचं. ते पाणी पिकाला चालतंच.