तक्रार आली की आधी त्या खुर्चीत जाऊन बसा

पुण्यातल्या एका हरित मानांकन मिळालेल्या ऑफिस इमारतीची देखभाल मी बघते. वीजबिल कमी आलं की सगळे खूश होतात. पण पश्चिमेच्या काचेजवळ बसणारी माणसं मार्चपासून हैराण असतात, आणि त्यांचे हाल बिलात दिसत नाहीत.

'फार उकडतंय' अशी तक्रार आली की लगेच थर्मोस्टॅटला (तापमान मोजून एसी कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) हात लावू नका. तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत, त्याच वेळेला, पंधरा मिनिटं बसा. दुपारी चारला तिथल्या हवेचं तापमान २४ अंशच असेल, पण तापलेल्या काचेची झळ अंगाला लागते आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला ती कळत नाही. एसी २२ वर नेलात तर आतल्या रांगेतले शाली पांघरतात, काचेजवळचे मात्र घामाघूमच राहतात. सावली बाहेरून देता आली तर सर्वांत उत्तम. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते. बाहेरची सावली होईपर्यंत टेबल दोन हात आत घ्या आणि पंखा लावा. अंगावर वारा असला की दोनेक अंश जास्तही सहज चालतात. ऑफिसात छताला पंखे हवेतच, असं माझं ठाम मत आहे.

थंडी वाजत असेल तर वर बघा. बहुतेकदा डिफ्युझरचा, म्हणजे एसीची हवा सोडणाऱ्या छतातल्या जाळीचा, झोत थेट मानेवर येत असतो, पाती वळवा. थर्मोस्टॅट कुठे बसवलाय तेही पाहा. आमच्याकडे एक झेरॉक्स मशीनच्या मागे सापडला. मशीनची ऊब त्याला लागायची आणि गारठायचा अख्खा मजला!

मीटिंग रूममध्ये डोकी जड होत असतील तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. आकडा १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर राहत असेल तर ताजी हवा कमी पडतेय. वीज वाचवायला कुणी बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे ती आत घेणारी झडप, बंद केलाय का, ते आधी तपासा.

मे आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांना विचारा, उकडतंय की थंडी वाजतेय. जागा आणि वेळ लिहून घ्या, नाहीतर उत्तरांचा उपयोग नाही. मी मजल्याच्या नकाशावर लाल-निळे ठिपके लावते. चूक कुठे आहे ते लगेच दिसतं. डॅनिश संशोधक फँगर यांच्या गणितानुसार सगळं अचूक जमलं तरी ५ टक्के लोक अस्वस्थ राहतातच. त्यांना टेबलावरचा छोटा पंखा द्या, जागा बदलून द्या. आणि काय केलं ते आठवड्याच्या आत त्यांच्यापाशी जाऊन सांगा, जमलं नसेल तर तेही.