थिअरी तुम्हाला पटली की तुमच्या पक्षाला? कसं तपासायचं

एखादी भन्नाट कॉन्स्पिरसी थिअरी आली की आपण लगेच पुरावा शोधायला लागतो आणि गडबड तिथेच होते, कारण आपल्या बाजूचा पुरावा दोन मिनिटांत सापडतो आणि विरुद्ध बाजूचा असला की तो 'एडिटेड' वाटतो. म्हणून आधी एक काम करा, मेसेजमधली पक्षांची नावं उलटी करून वाचा. खरंच टाइप करा, मनात नको, मनात आपण चीटिंग करतो. 'त्यांनी मतमोजणीत घोळ केला' च्या जागी 'आपल्या लोकांनी घोळ केला', बाकी शब्दन् शब्द तोच. आता लगेच 'पुरावा दाखव' असं वाटलं ना? मग मगाशी का नाही वाटलं?

अमेरिकेत हे अगदी उघड दिसतं. 9/11 च्या हल्ल्यात बुशच्या रिपब्लिकन सरकारचाच हात होता किंवा त्यांनी तो मुद्दाम होऊ दिला, असं मानणारे विरोधी पक्षात, म्हणजे डेमोक्रॅट्समध्ये जास्त. डेमोक्रॅट ओबामा अमेरिकेत जन्मलाच नाही म्हणणारे रिपब्लिकनांमध्ये जास्त, आणि एप्रिल 2011 मध्ये व्हाइट हाऊसने अमेरिकेतल्याच होनोलुलूचा सविस्तर जन्मदाखला जाहीर केला तरी कित्येक जण जागचे हलले नाहीत.

मग बघा, नुकतं हरलंय कोण. असल्या थिअऱ्या हरलेल्या बाजूला जास्त चिकटतात. 2020 ची निवडणूक हरल्यानंतर ट्रम्प आणि समर्थकांनी साठच्या वर केसेस केल्या, जवळपास सगळ्या आपटल्या, काही तर ट्रम्पनेच नेमलेल्या जजांनी फेटाळल्या. आपला पक्ष हरल्यावर निदान काही दिवस तरी घोटाळ्याचे मेसेज फॉरवर्ड करू नका, डोकं थंड होऊ द्या.

आणि 'मी रोज बातम्या वाचतो, मी नाही फसणार' हे तर विसराच. 2016 च्या एका अमेरिकन अभ्यासात कंझर्व्हेटिव्ह (उजव्या विचारांच्या) लोकांपैकी ज्यांना राजकारणाची माहिती जास्त पण व्यवस्थेवर भरवसा कमी, तेच विरोधकांवरच्या थिअऱ्यांना जास्त मान डोलावत होते. जास्त माहिती म्हणजे आपलंच म्हणणं रेटायला जास्त मुद्दे, दुसरं काय!

समोरचा असं बोलत असेल तर वाद घालू नका, पैज लावा. लोक पुष्कळदा मानतात म्हणून नाही तर आपल्या टीमसाठी चिअरिंग म्हणून बोलतात. 2017 मध्ये ओबामा आणि ट्रम्पच्या शपथविधीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून 'गर्दी कुठे जास्त' विचारलं, तर ट्रम्पचे काही मतदार चक्क ट्रम्पच्या रिकाम्या फोटोकडे बोट दाखवत होते. पण दुसऱ्या प्रयोगांत बरोबर उत्तराला पैसे देऊ म्हटल्यावर दोन्ही पक्षवाल्यांच्या उत्तरांतलं अंतर कमी झालं. म्हणजे खरं काय ते बऱ्याच जणांना आतून ठाऊक असतं.

आता कट कधीच नसतात असंही नाही हं, वॉटरगेट खरंच घडलं, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या लोकांनी दडपायचा प्रयत्न केला ते प्रकरण. पण तिथे टेप होत्या, कोर्ट होतं, आणि ऑगस्ट 1974 मध्ये निक्सनच्याच पक्षाचे नेते, सिनेटर गोल्डवॉटर वगैरे, त्याला जाऊन सांगून आले की काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) तुमच्यामागे आता फारसं कोणी उरलं नाही. असं बघा, ज्याला हे बोलून राजकीय तोटाच आहे असा कोणी ते मान्य करतोय का? तसा एकही माणूस सापडत नसेल तर मेसेज तिथेच राहू द्या.