'सबब' लिहिण्याआधी थांबा: सरकारी टिपणीतल्या तर्काच्या या चुका टाळा

सरकारी मराठीत 'सबब' म्हणजे 'म्हणून'. घरातल्या मराठीत 'सबब' म्हणजे निमित्त, बहाणा. महसूल खात्यात ३१ वर्षं, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात, दुसऱ्यांच्या टिपण्या वाचून माझं असं मत झालंय की बऱ्याच फायलींत तो शब्द घरातल्याच अर्थानं पडलेला असतो.

निवृत्तीनंतर नव्या तलाठ्यांना (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, माझ्या जिभेला वळण पडायचंय अजून) आणि कारकुनांना टिपणी शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. तर्कशास्त्र म्हटलं की चेहरे पडतात. मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, "सर, याचा रेडी फॉरमॅट नाही का?" आहे, पण मी देत नाही. पुढची गोष्ट त्या फॉरमॅटचीच आहे.

नोंद नाही, सबब झाड नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या करून गेलं. नारळ, पोफळी, आंबा, काजू, काही सोडलं नाही. गावोगाव वीज नव्हती, म्हणून पंचनामे हातानंच लिहिले जात होते. एका संध्याकाळी माझ्या टेबलावर एक टिपणी आली. तीनच वाक्यं, अक्षर मोत्यासारखं: "सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद असल्यास झाडे अस्तित्वात असल्याचे मानण्यात येते. सदर गटाच्या सातबाऱ्यावर पोफळीची नोंद नाही. सबब पोफळीचे नुकसान झालेले नाही."

लिहिणारा मुलगा नोकरीत नवा होता, आळशी मुळीच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जीपमध्ये बसवून मी त्या वाडीत घेऊन गेलो. वाडीत शिरायला वाट नव्हती, कारण सगळीकडे पोफळीच पडलेल्या. एक तर पडवीची कौलं फोडून आत आलेली. म्हातारीनं आमचं म्हणणं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कागदात नाही म्हणतोस? मग काय रे बाळा, ही पडवीवर आहे ती माझ्या सासऱ्यानं वरनं टाकलीन?"

मुलाचा बचाव तयार होता. "सर, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७. नोंद खरी धरायची असते." बरोबर. पण ते कलम अधिकार अभिलेखातल्या (जमिनीच्या हक्कांच्या दप्तरातल्या) नोंदीबद्दल आणि प्रमाणित फेरफाराबद्दल बोलतं. पीकपाहणीच्या रकान्याबद्दल नाही आणि नोंद *नसण्याबद्दल* तर एक अक्षर नाही. शिवाय जी नोंद आहे तीही खरी धरायची ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. इथं विरुद्ध पुरावा पडवीवर आडवा पडला होता.

तर्कात याला पूर्वांग नाकारण्याचा दोष म्हणतात. 'नोंद असेल तर झाड आहे' एवढं हाती असलं तर नोंद दिसल्यावर झाड मानता येतं. झाड नसेल तर नोंदही नसायला हवी, हेही म्हणता येतं. पण नोंद नसली तर त्या वाक्यातून *काहीही* निघत नाही. झाड असेल, नसेल, जाऊन बघा.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात (म्हणजे कायद्याच्या नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) हे फार आधी आणि जास्त चवदार सांगून ठेवलंय. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा: अग्नी आहे, धुराचा पत्ता नाही. का? कारण धूर निघायला अग्नीबरोबर ओलं इंधनही लागतं. या मधल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. ज्यानं जुलैत कोकणात चूल पेटवलीय त्याला ओल्या इंधनाचा महिमा समजावून सांगावा लागत नाही.

मग सातबाऱ्यावरच्या नोंदीचं ओलं इंधन कोणतं? त्या हंगामात कोणीतरी वाडीत येऊन झाडं मोजणं. खातेदार परळला नाहीतर विरारला, म्हातारी एकटी, पीकपाहणीला कोणी फिरकलं नाही, रकाना मागच्या वर्षीसारखाच 'गवत पड'. आग होती, ओलं लाकूड नव्हतं, म्हणून धूर निघाला नाही. आता ई-पीक पाहणीत खातेदारानं स्वतः मोबाइलवर नोंद करायची, म्हणजे रेंज ही आणखी एक उपाधी वाढली.

एका टिपणीवर हे भागलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण मुलाला ती तीन वाक्यं इतकी आवडली होती की त्यानं तीच गठ्ठाभर पंचनाम्यांना जोडली होती, फक्त गट क्रमांक बदलून. हाच तो रेडी फॉरमॅट. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघांनी सगळा गठ्ठा उलगडला आणि फेरपंचनाम्यासाठी वेगळा काढला. मी त्याला रागावलो नाही. मीही नवा असताना हेच केलं होतं, फक्त तेव्हा वादळ आलं नाही म्हणून पकडला गेलो नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. 'सबब' दिसला की त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचा आणि स्वतःला विचारायचं: वरची वाक्यं खरी आणि खालचं खोटं, असं एक तरी घर माझ्या ओळखीच्या गावात आहे का? गाव खरं हवं, नावानिशी. एक घर जरी सापडलं तरी 'सबब' खोडायचा. ज्यांना घाई असते ते हा प्रश्न हवेत विचारतात आणि त्यांना काही सापडत नाही.

"सर्वांची संमती नाही"

कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर किती नावं असतात हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. आजोबांच्या पिढीचं वाटप झालेलं नसतं आणि नातवंडं तीन शहरांत पांगलेली. अशा प्रकरणात एकानं लिहिलं, "सर्व सहहिस्सेदारांची संमती नाही." त्याच्या मनात होतं, २३ पैकी एकाची राहिलीय. वरच्या टेबलानं वाचलं, एकाचीही नाही, आणि फाईल परत. दोघंही मराठी माध्यमातले, आणि दोघांचंही वाचन बरोबर! 'सर्व' आणि 'नाही' एका वाक्यात आले की मराठी दोन्हीकडे झुकते.

मी आकडा लिहायला लावतो: "२३ पैकी २२ संमती प्राप्त, १ अप्राप्त." आणि हो, अप्राप्त म्हणजे नकार नव्हे. पत्र पोचलं नाही की 'हरकत आहे' किंवा 'हरकत नाही' यातलं सोयीचं ते धरणारे लोक मी दोन्ही बाजूंचे पाहिलेत.

एका कान्याची किंमत

'व' आणि 'वा' मध्ये फक्त एक काना आहे. एका कार्यालयात तपासणी यादी टाइप करताना "घरमालक वा कुटुंबातील प्रौढ व्यक्तीची सही" मधला काना गळाला. झालं, दोन्ही सह्या हव्यात! घरमालक बोटीवर किंवा मुंबईत, बायको सही करायला उभी, आणि खिडकीतून उत्तर: "दोघांची हवी." दोन-तीन जण त्या एका सहीसाठी कोकण रेल्वेनं रात्रभर उभे राहून आले. मूळ आदेश कोणी उघडून पाहिला नाही, कारण यादी सोपी होती.

माझ्या यादीत 'व', 'वा', 'किंवा', 'अथवा' यांना बंदी आहे. 'दोन्ही हवेत' किंवा 'दोहोंपैकी एक चालेल', असं लिहा. (वरच्या वाक्यात 'किंवा' आलाच. बघा, किती चिवट असतो.)

बाकीच्या, थोडक्यात

नकार कंसात शिरला की 'किंवा'चा 'आणि' होतो. यादीतून "शेतकरी किंवा मच्छीमार नसलेले" वगळायचे होते, म्हणजे जे शेतकरीही नाहीत *आणि* मच्छीमारही नाहीत ते. टिपणीत झालं "शेतकरी नसलेले किंवा मच्छीमार नसलेले". मच्छीमार बहुधा शेतकरी नसतो, त्यामुळे हर्णै बंदर जवळजवळ सगळं यादीबाहेर. हा नियम ज्याच्या नावानं ओळखतात तो ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला होता मदुराईत, १८०६ साली. हे सांगितलं की मुलांना तो जरा आपला वाटतो.

आवश्यक अट म्हणजे पुरेशी अट नव्हे. "ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून २०० मीटर, आपली जागा २२० वर, सबब परवानगी नको." २०१९ च्या सीआरझेड (समुद्रकिनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कमी दाटीच्या ग्रामीण भागाला २०० मीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर. पण समुद्रकिनारी नियमन ५०० मीटरपर्यंत चालतं. एका दारातून सुटलात म्हणजे घराबाहेर पडलात असं नाही.

अपवादाचा अपवाद वाचा. "माहिती अधिकार २००५, कलम ८(१) लागू, सबब नाकारले" असं लिहिणाऱ्यांचं पुस्तक त्याच पानावर बंद होतं. पुढेच ८(२) आहे: जाहीर करण्यातलं लोकहित जास्त भरलं तर माहिती देता येते. आणि कलम १० नुसार देण्याजोगा भाग वेगळा काढून देता येतो. माडी चढायची तर पूर्ण चढावी.

विशेषण गाळू नका. १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक नौकांना. फलकावर नुसतं "मासेमारीस बंदी" लिहिलं की खाडीत पाग टाकणाऱ्या म्हाताऱ्यावर कोणीतरी जाऊन ओरडतो.

'करील' आणि 'करू शकेल' एक नाही. यावर मी आता बोलणं सोडलंय.

'घर' म्हणजे काय ते आधी ठरवा. मांगर (शेतातली खोप) घर आहे का, गोठ्याला लागून चूल असेल तर काय? व्याख्या न ठरवता केलेला तर्क कितीही शुद्ध असो, पंचनामा करणारे दोघे दोन आकडे आणतात.

आणि ज्यांना हे सगळं फार आवडतं त्यांच्यासाठी

दरवेळी एकदोघं निघतातच. त्यांना बाण काढायला आवडतात, प्रत्येक आदेशाचा सत्यता-तक्ता (अटी खऱ्या-खोट्या असण्याच्या सगळ्या शक्यता, एकेका ओळीत) हवा असतो. अशाच एका मुलीनं पाच अटींच्या आदेशाचा ३२ ओळींचा तक्ता करून आणला, एक्सेलमध्ये, रंग भरून. काम सुंदर होतं आणि उपयोगाचंही, कारण त्यात तीन ओळी अशा निघाल्या की त्यांच्याबद्दल आदेश गप्पच होता. त्या तिन्हींपुढे तिनं 'अपात्र' भरलं होतं.

मी विचारलं, "हे कुठून आलं गं?"

"सर, पात्र म्हटलेलं नाही ना कुठे."

पुन्हा पोफळच! लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा संगणकाच्या तार्किक भाषेत लिहून १९८६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यांनाही हाच काटा लागला होता: जे सिद्ध करता आलं नाही ते खोटं धरायचं, ही यंत्राची सोय. यंत्राची सोय म्हणून ठीक, पण तिच्यावर नाव-हुद्द्यानिशी सही करायची नसते. त्या तीन ओळींपुढे आम्ही लिहिलं: "आदेशात तरतूद नाही, मार्गदर्शनार्थ सादर." तिला ते अपुरं वाटलं. वाटू दे.

ऑनलाइन फॉर्ममध्ये अजूनही 'आहे' आणि 'नाही' असे दोनच पर्याय येतात. तिसरा मागून मी थकलो. तोवर 'नाही' निवडावंच लागलं तर शेऱ्यात "अभिलेखात नोंद आढळली नाही, स्थळपाहणी बाकी" एवढं टंकायचं, आणि शेऱ्याचा रकाना लहान असेल तर छापील प्रतीवर पेननं.