दोष ट्रान्समीटरचा की मोजणाऱ्या डब्याचा?

आय-क्यू मॉड्युलेशन म्हणजे काय, डीबी आणि डीबीएममध्ये फरक काय, कॉन्स्टेलेशनचे ठिपके कुठून येतात हे ज्यांना ठाऊक आहे, पण रेडिओ सिग्नल मोजायच्या टेस्ट बेंचसमोर उभं राहिल्यावर ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची हीच गत. पेपरात नॉइज फिगरचं गणित झटक्यात सुटतं. लॅबमधला स्पेक्ट्रम अॅनालायझर मात्र काचेच्या कपाटात, किल्ली सरांकडे आणि सर मीटिंगमध्ये. मग नोकरी लागते आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बोर्ड हातात देऊन म्हणतं, "जरा ईव्हीएम काढून दे याचा."

ईव्हीएम म्हणजे एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड, कॉन्स्टेलेशनचे ठिपके आपल्या जागेवरून किती ढळलेत त्याचा आकडा. तो काढणं अवघड नाही. बटण दाबलं की आकडा येतोच, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. त्यात ट्रान्समीटरचा दोष किती आणि मोजणाऱ्या उपकरणाचा किती, हे स्क्रीन सांगत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी काम शिकत होते, तिथे एक जुने टेक्निशियन काका होते. डिग्री नव्हती, पण सोल्डरिंग आयर्न आणि अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारा) हातात घेतले की भल्याभल्यांना गप्प करायचे. त्यांचं एकच म्हणणं: "पोरी, आधी आपल्या तराजूचा पासंग पाय, मंग मालाले नाव ठेव." मला या लेखात मुख्यतः एवढंच सांगायचंय, पण ते करायचं कसं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून लांबण लावतेय.

घरी शिकायला आपण बहुतेक जण प्लूटोसारखा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) बोर्ड घेतो. ३२५ ते ३८०० मेगाहर्ट्झ, १२ बिट. विद्यार्थ्याच्या खिशाला त्यातल्या त्यात झेपणारा. अशा बोर्डाचा रिसीव्हर झिरो-आयएफ असतो, म्हणजे सिग्नल थेट बेसबँडवर उतरतो. ट्रान्समीटरही त्याच पद्धतीचा. दोन्हीकडे आय आणि क्यू अशा दोन वाटा, आणि त्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात. एकीचा गेन किंचित जास्त, दोघींमधला कोन ९० ऐवजी ८९ अंश. त्यामुळे सिग्नलचं प्रतिबिंब, म्हणजे इमेज, कॅरिअरच्या पलीकडच्या बाजूला उमटतं. गेनमध्ये ०.१ डीबी आणि फेजमध्ये १ अंश एवढाच फरक असेल, तर इमेज मूळ सिग्नलपेक्षा साधारण ४० डीबी खाली राहते. फरक १ डीबी आणि ५ अंश झाला, की ती जेमतेम २३ डीबी खाली. इथवर पुस्तकात असतं.

आता सापळा. समजा ट्रान्समीटर २४०० मेगाहर्ट्झला ठेवलाय आणि बेसबँडमधून १ मेगाहर्ट्झचा टोन पाठवलाय. सिग्नल २४०१ ला दिसणार, इमेज २३९९ ला, आणि लोकल ऑसिलेटरची गळती बरोबर २४०० ला. रिसीव्हरही आपण साहजिकच २४०० लाच लावतो. मग रिसीव्हरची स्वतःची इमेज कुठे पडते? तीही २३९९ लाच. रिसीव्हरचा डीसी ऑफसेट, म्हणजे त्याच्या केंद्रावर कायम दिसणारा खोटा टोन, कुठे? २४०० ला, गळतीच्या डोक्यावर. म्हणजे समोर दिसणाऱ्या प्रत्येक दोषात दोघांचा वाटा मिसळलेला असतो आणि तो वेगळा करायची सोय उरत नाही.

बरं, दोघांचे दोष सरळ बेरजेने वाढतात असंही नाही. ते व्हेक्टरसारखे मिळतात. ट्रान्समीटरची इमेज ३४ डीबी खाली आणि रिसीव्हरची ३६ डीबी खाली असेल, तर त्यांच्यातल्या फेजप्रमाणे वाचन २९ पासून ४८ डीबीपर्यंत कुठेही येऊ शकतं. एकमेकींना छेदल्या तर ४८ दिसतं आणि आपण खूश होतो. बोर्ड तोच, कोड तोच. ही फेज ठरवणारे दोन ऑसिलेटर वेगवेगळे, त्यामुळे पुन्हा ट्यून केलं की त्यांचं आपसातलं नातं बदलतं. केबलच्या लांबीनेही बदलतं. २.४ गिगाहर्ट्झला साध्या कोअॅक्समधली तरंगलांबी पावणेनऊ सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि इथे फेज दुपटीने मोजली जाते. म्हणून मध्ये सव्वादोन सेंटीमीटरचा एखादा अॅडॅप्टर आला तरी बेरजेची वजाबाकी होते. सकाळी एक आकडा, जेवून आल्यावर दुसरा. मग आपण बोर्डाला दोष देतो, नशिबाला देतो, आणि शेवटी दहा वाचनांची सरासरी काढून रिपोर्टमध्ये घालतो. त्या सरासरीला काडीचा अर्थ नसतो.

यातून सुटायची युक्ती फुकटची आहे. रिसीव्हर बाजूला सरकवा. २४०३ ला लावा. ट्रान्समीटरचे दोष जागचे हलणार नाहीत: इमेज २३९९, गळती २४००. रिसीव्हरचे दोष मात्र त्याच्या केंद्राबरोबर सरकतात. डीसी ऑफसेट २४०३ ला गेला. २४०१ च्या सिग्नलची रिसीव्हरमधली इमेज २४०३ च्या पलीकडे, म्हणजे २४०५ ला. गळतीची इमेज २४०६ ला, आणि ट्रान्समीटरच्या इमेजची पुन्हा इमेज, दिसलीच तर, २४०७ ला. प्रत्येकाची जागा वेगळी. सॅम्पल रेट १० मेगाच्या वर ठेवा म्हणजे सगळं मावतं. सलग रेकॉर्डिंगची गरज नाही, छोटा तुकडा पुरतो.

सरकवताना डोळे उघडे ठेवा. अर्धाच मेगाहर्ट्झ सरकवून २४००.५ ला लावलंत, तर सिग्नलची रिसीव्हर-इमेज नेमकी २४०० ला पडेल, गळतीच्या अंगावर. १ मेगाहर्ट्झ सरकवलंत तर सिग्नलच डीसीवर बसेल. आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा, सगळे ठिपके मांडा, मग नॉब फिरवा. कागद न घेता थेट स्क्रिप्ट चालवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

याच बोर्डांत आणखी एक गोष्ट लपलेली असते. आतली चिप आय-क्यूची दुरुस्ती आणि डीसी ऑफसेटची दुरुस्ती मागच्या मागे सतत करत असते. चालू वापरात ते बरंच आहे, पण रिसीव्हरचा मूळ दोष मोजायचा असेल तर ती ट्रॅकिंगची सेटिंग बंद करावी लागते. नाहीतर आपण दुरुस्त केलेला माल मोजून "दोष नाही" असं लिहून मोकळे होतो. निव्वळ रिसीव्हर तपासायचा तर सिग्नल जनरेटरमधून साधा, मॉड्युलेशन नसलेला टोन द्या. त्या टोनला स्वतःची आय-क्यू इमेज नसते, त्यामुळे जी दिसेल ती रिसीव्हरचीच.

हे सगळं केबलने करायचं, मध्ये निदान ३० डीबीचा अॅटेन्युएटर घालून. अँटेना लावून हवेत सोडायचं नाही. हॉस्टेलच्या खोलीतून मनाला येईल त्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करणं कायद्यात बसत नाही. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. आणि अॅटेन्युएटरशिवाय थेट जोडलं तर रिसीव्हरचं तोंड भाजतं ते वेगळंच.

महागडा अॅनालायझर मिळाला की हा प्रश्न संपला असं वाटतं. संपत नाही, जागा बदलतो. चांगल्या सुपरहेटरोडाइन (सिग्नल आधी मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवणाऱ्या) अॅनालायझरमध्ये आय-क्यू इमेजचा त्रास जवळपास नसतो, पण त्याच्या पुढच्या मिक्सरवर जास्त ताकद पडली की तो स्वतःच इंटरमॉड्युलेशन (टोन आपसात मिसळून उगवणारे नवे टोन) तयार करतो. दोन टोन देऊन तिसऱ्या क्रमाचे दोष मोजताना हे हमखास होतं. तपास सोपा: अॅनालायझरच्या आतला अॅटेन्युएशन १० डीबीने वाढवा. दोष तुमच्या अॅम्प्लिफायरचा असेल तर स्क्रीनवर तो तिथेच राहील. अॅनालायझरचा असेल तर २० डीबीने खाली जाईल. नॉइज फ्लोअर १० डीबी वर येईल, त्यासाठी आरबीडब्ल्यू (रिझोल्यूशन बँडविड्थ) कमी करा आणि स्वीप संथ होतो म्हणून कुरकुरू नका. तिसरा संशयित म्हणजे खुद्द दोन जनरेटर. कम्बाइनरमधून एकाची ताकद दुसऱ्यात शिरली तर दोष तिथेच जन्मतो. दोघांच्या तोंडाशी अॅटेन्युएटर किंवा आयसोलेटर लावायचा.

स्वस्त यूएसबी एसडीआर डोंगल वापरणाऱ्यांनाही हीच परीक्षा लागू आहे. एफएम केंद्रांच्या जोरामुळे भलत्याच फ्रिक्वेन्सीवर भुतं दिसतात. गेन १० डीबीने उतरवा. खरं स्टेशन १० ने उतरेल, भूत त्याहून जास्त.

ईव्हीएमबद्दल माझं मत जरा तिखट आहे. एका आकड्यात सगळे दोष कोंबलेले असतात, म्हणून व्यवस्थापकांना तो आवडतो. एलटीई (४जी) बेस स्टेशनला ६४ ठिपक्यांच्या ६४-क्यूएएमसाठी ८ टक्के, २५६-क्यूएएमसाठी ३.५ टक्के ही मर्यादा. पास की नापास एवढंच कळतं. का, ते कळायला कॉन्स्टेलेशन बघावं लागतं. कोपऱ्यातले ठिपके आत ओढले गेलेत तर पॉवर अॅम्प्लिफायर दबतोय. बाहेरचे ठिपके कमानीसारखे पसरलेत तर फेज नॉइज, म्हणजे ऑसिलेटरच्या फेजची थरथर. चौकोनाचा आयत झाला तर गेनचा फरक, तिरका झाला तर ९० अंश बिघडलेत. पण हे सिंगल कॅरिअरचं. ओएफडीएममध्ये (एकाच वेळी अनेक सबकॅरिअर पाठवणारी पद्धत) हे आकार शोधू नका, तिथे एका सबकॅरिअरची इमेज समोरच्या आरशातल्या सबकॅरिअरवर पडते आणि सगळं नॉइजसारखं ढगाळ दिसतं. शिवाय सॉफ्टवेअर फ्रिक्वेन्सीची चूक, चॅनेलचा उतार, कधी गळतीसुद्धा आधीच पुसून मग ईव्हीएम दाखवतं. यातल्या कोणत्या पर्यायांवर टिक लावलेली आहे ते न बघता दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवण्यात काही हशील नाही.

फेज नॉइज मोजताना अॅनालायझरचा स्वतःचा ऑसिलेटर तुमच्यापेक्षा चांगला असायला हवा, एवढं सांभाळा. आणि १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स १ गिगाहर्ट्झपर्यंत गुणला की त्याचा नॉइज ४० डीबीने चढतो हे विसरू नका. नॉइज फिगरला वाय-फॅक्टर पद्धत (नॉइज सोर्स चालू-बंद करून मोजायची) शिकून घ्या, ती येते लवकर.

कनेक्टरवर मात्र बोलायलाच हवं. नागपूरच्या बर्डी बाजारात एसएमए मागितला तर कधी आरपी-एसएमए हातात पडतो. बाहेरून जुळा भाऊ, आत पिन उलटी. बसतो व्यवस्थित, पण भोकासमोर भोकच येतं, पिन नसतेच, आणि सिग्नल वीस-तीस डीबी गायब. विकत घेताना आत डोकावून पाहा. आवळताना नट फिरवा, केबल किंवा बोर्ड नाही. पितळी एसएमएला ०.५६ न्यूटन-मीटर पुरतात, पक्कड लावाल तर पुढच्या मोजमापाला तो कनेक्टर कचऱ्यात.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा अॅम्प्लिफायरचा गेन उतरतो, क्रिस्टल सरकतो. १ गिगाहर्ट्झला १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे १ किलोहर्ट्झ, आणि स्वस्त क्रिस्टल कित्येक पीपीएम हलतो. कूलरची हवा थेट बोर्डावर घेऊ नका, झोतासोबत फ्रिक्वेन्सी डोलते. ओलाव्याने कनेक्टर काळे पडतात ते निराळं. बेंच सुरू करून अर्धा तास थांबा, मग कॅलिब्रेट करा. दुपारी लाइट गेली तर पुन्हा अर्धा तास. कंटाळा येतो, पण दुसरा इलाज नाही.

गुरू कसा निवडावा हे विचारतात म्हणून सांगते: "एवढं चालतं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग त्याचं पद काहीही असो. "केबल बदलून पाहिलीस का?" असं विचारणाऱ्याला सोडू नका. महिनाभरात आरएफ एक्स्पर्ट करणाऱ्या कोर्सला पैसे भरण्यापेक्षा तेवढ्यात दोन चांगल्या केबल, अॅटेन्युएटरचा संच आणि एक ५० ओहमचं टर्मिनेशन येतं. पायथनमधून ऑटोमेशन जरूर शिका, पण हाताने तेच मोजमाप डोळे मिटून जमायला लागल्यावर. आणि सुरुवातीला काहीच जुळत नाही म्हणून रडू येत असेल तर येऊ द्या, सगळ्यांना येतं. मला तर अजूनही नवीन बोर्ड आला की पहिला दिवस पोटात गोळा असतो.

या कामाच्या जागा नागपुरात थोड्या आहेत, बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यात जास्त. मुलाखतीत एक प्रश्न फिरवून फिरवून येतो: मर्यादा ३.५ टक्के, मोजलेला ईव्हीएम ३.५, पास की नापास? उत्तर देण्याआधी उलट विचारायचं, की बेंचचा स्वतःचा ईव्हीएम किती? तो १ टक्का असेल आणि दोन्हीकडे निव्वळ नॉइज असेल, तर वर्गांची वजाबाकी करून बोर्डाचा खरा ईव्हीएम ३.३५ च्या आसपास येतो. पण दोष इमेजसारखा ठरावीक स्वरूपाचा असेल तर ही वजाबाकी चालत नाही, तिथे रिसीव्हर सरकवून पुन्हा मोजावं लागतं. एवढं बोललात की पॅनेलवरचा कुणीतरी हमखास विचारतो, "किती सरकवाल?" तेव्हा कागद मागून घ्या आणि आडवी रेघ ओढा.