पुन्हा ट्रकच्या लाइनला जायचंय? आधी हाताला शाळेत घाला

2023 च्या मार्चमधल्या अवकाळीने आमची द्राक्षबाग झोपवली आणि जूनमध्ये मी नऊ वर्षांनंतर मोठ्या गाडीच्या, म्हणजे ट्रकच्या, केबिनमध्ये चढायला गेलो. दुसऱ्याच पायरीवरून घसरलो, गुडघा सोलला. शेजारी उभा असलेला पंचविशीतला पोरगा म्हणाला, "काका, कधीही तीन ठिकाणी आधार पाहिजे. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. आणि उतरताना उडी नाही, तोंड गाडीकडेच." मी चौदा वर्षं दहा चाकी चालवलेली. निफाडचा कांदा कोलकात्यापर्यंत नेलेला. मनात म्हटलं, आता चढायलासुद्धा हा शिकवणार! हा पोरगा ट्रेनिंग सेंटरचा मास्तर होता आणि पुढचा दीड महिना मला त्याच्याच हाताखाली काढायचा होता.

माझ्यासारखे बरेच जण आहेत. आईवडिलांच्या आजारपणात, शेतीच्या नादात किंवा एखाद्या अपघाताच्या धसक्याने गाडी सोडली आणि आता पैशासाठी परत लाइनला, म्हणजे लांबच्या फेऱ्यांवर, जायचं म्हणतात. मला फोन येतात, "भाऊ, कसं जमवलंस?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सुरुवात लायसन्सपासून. घरातलं जुनं कार्ड काढा आणि तारीख बघा. पूर्वी ट्रान्सपोर्टचं लायसन्स तीन वर्षांचं असायचं, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांचं झालं. ज्वलनशील किंवा धोकादायक माल न्यायचा असेल तर मात्र तीनच. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवस सवलत मिळायची, तीही त्याच दुरुस्तीत गेली. म्हणजे संपलं त्या दिवसापासून गाडी चालवणं बेकायदा. संपायच्या आधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, या काळात अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की चालवून दाखवण्याची परीक्षा परत द्यावी लागते. माझं 2016 ला संपलेलं. एजंट म्हणाला, "करून देतो मागच्या दाराने." नको म्हटलं. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सच बघते, आणि मागच्या दाराने आलेला कागद तिथेच उघडा पडतो.

डॉक्टरचा फॉर्म 1-अ लागतो. तिथे "लिहा हो साहेब, सगळं ठीक आहे" असं करू नका. मी चव्वेचाळीसचा होतो आणि त्या तपासणीत कळलं की लांबचं दिसतं ते ठीक, पण मीटर वाचायला चष्मा पाहिजे. बायको वर्षभर तेच सांगत होती म्हणा. साखरही तपासून घ्या. रात्री दोन वाजता रतलामच्या पुढे घाम फुटून हात थरथरायला लागल्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

आता शिकण्याचं. इथे दोन वाटा आहेत. एक साधं मोटार ड्रायव्हिंग स्कूल. नियमाप्रमाणे जड वाहनासाठी तिथे किमान तीस दिवस आणि त्यात पंधरा तास प्रत्यक्ष चालवणं झालं पाहिजे. मी आधी आमच्या तालुक्यातल्या एका ठिकाणी गेलो. मालक म्हणाला, "तुम्ही जुने ड्रायव्हर, तुम्हाला काय शिकवायचं? पैसे भरा, फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, घरी पाठवतो." त्या वेळी बरं वाटलं, मान मिळाल्यासारखं. दारापर्यंत येऊन परत फिरलो, कारण नव्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे निम्मे दिवे मला ओळखता येत नव्हते आणि ते दिवे फॉर्म 5 वाचत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटर. हे नियम जुलै 2021 पासून आले. जड गाडीचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांत संपवायचा. वर्गातलं शिक्षण, सिम्युलेटर (पडद्यासमोर बसून गाडी चालवायचं यंत्र), स्वतःचा ट्रॅक, आणि पास झालात तर आरटीओत वेगळी चालवून दाखवायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारने मिळून काढलेल्या संस्थाही आहेत. पुण्यात नाशिक फाट्याजवळ ड्रायव्हिंग ट्रेनिंग अँड रिसर्चची संस्था आहे, तमिळनाडूत नामक्कलला अशोक लेलँडची 1995 पासूनची आहे. सेंटर निवडताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा: गाडी बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची) आहे का, भरलेल्या गाडीवर शिकवतात का, आणि एका गाडीवर किती जण बसवतात. आमच्या बॅचला चार जण होते. मागे बसून दुसऱ्याच्या चुका बघण्यातही शिकणं होतं, पण दहा जण असतील तर तुम्ही नुसतीच मूठभर मिनिटं चालवणार.

कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात जे झालं त्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. मास्तरने विचारलं, "उताराला गाडी न्यूट्रल केली तर डिझेल किती वाचतं?"

मी म्हटलं, "कसाऱ्यात दोन लिटर कुठे गेले नाहीत."

माझ्या उस्तादाने मला तेच शिकवलं होतं. 1996 साली मी सतराचा, त्याच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होतो. उतार लागला की तो गियर काढायचा, गाडी मोकळी सोडायचा आणि विडी पेटवायचा. वाचलेलं डिझेल म्हणजे आपलं चहापाणी, असा हिशोब. चौदा वर्षं मीही तसाच उतरलो. काही झालं नाही, म्हणून ते बरोबर आहे असं वाटत राहिलं.

मास्तरने ट्रॅकवरच्या उतारावर गाडी नेली आणि स्क्रीनवर डिझेलचा आकडा लावला. गियरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला: आकडा शून्य. चाकंच इंजिन फिरवतात, त्यामुळे कॉम्प्युटर डिझेल सोडतच नाही. मग न्यूट्रल केली. आकडा वर आला, कारण आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःचं डिझेल लागतं. म्हणजे या गाड्यांमध्ये न्यूट्रलला डिझेल जास्त जातं! उस्ताद आज असता तर त्याने स्क्रीनलाच शिवी दिली असती.

डिझेल राहिलं बाजूला, खरी गोष्ट ब्रेकची. दहा चाकीचं भरलेलं वजन पूर्वी 25 टन होतं, 2018 पासून कायद्यानेच साडेअठ्ठावीस झालं. एवढं वजन न्यूट्रलला उतरवताना सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर आणि त्याला घासणाऱ्या लायनरवर. तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटते. ब्रेकची हवा भरपूर, पॅडल घट्ट, आणि गाडी थांबत नाही. पेपरात छापून येतं 'ब्रेक फेल'. पुष्कळदा ब्रेक फेल झालेला नसतो, भाजून काढलेला असतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार बघा, तिथे अपघात का होतात ते कळेल. रस्ता दिसायला घाटासारखा नाही, म्हणून गाडी मोकळी सोडायचा मोह होतो.

तर घाट उतरायची रीत अशी. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, गियर खाली घ्या. ज्या गियरमध्ये तो घाट भरलेल्या गाडीने चढाल त्यात किंवा त्याच्याही एक खाली. अर्ध्या उतारात गियर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर तुम्ही न चाहता न्यूट्रलमध्ये. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा) लावून ठेवा. वेग वाढला तर ब्रेक ठसठशीत दाबा, वेग पुरेसा उतरला की पाय पूर्ण काढा. पाय नुसता टेकवून पूर्ण घाट उतरणं हे न्यूट्रलचंच सावत्र भावंड. खाली आल्यावर जागा बघून थांबा, प्रत्येक चाकाजवळ हात न लावता तळवा धरा. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर तिथलं ॲडजस्टमेंट बिघडलंय, गॅरेज गाठा.

डोक्याला हे एका दुपारी पटलं. हाताला तीन आठवडे लागले. सिम्युलेटरवर उतार आला की डावा हात आपोआप गियर काढायला जायचा आणि मास्तर मागून "काका…" एवढंच म्हणायचा. नऊ वर्षांत मी रस्ते विसरलो, ढाब्यांची नावं विसरलो, पण वाईट सवय जशीच्या तशी शिल्लक होती. एकटा परत लाइनला गेलो असतो तर ती कोणी दाखवली असती? शेठ दाखवत नाही, किन्नर बोलत नाही.

नव्या गाडीबद्दल. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आली. आपण तिला 'युरियावाली गाडी' म्हणतो. निळ्या झाकणाच्या टाकीत डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं द्रव, जातं, 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शंभर लिटर डिझेलला साधारण चार ते सहा लिटर. त्यात नळाचं पाणी मिसळू नका, ढाब्यावरचं सुटं स्वस्त डीईएफ घेऊ नका, आणि अंधारात डिझेलचं नोझल त्या टाकीत गेलं तर चावी फिरवू नका, गाडी टोइंग करून न्या. सुरू केलीत की पंपापासून पुढचं सगळं बदलायची पाळी येऊ शकते. डीईएफ संपलं तर गाडी आधी दिवा दाखवते, मग ताकद कमी करते. चढावर भरलेली गाडी अशी मेली की मागची रांग तुमच्या सात पिढ्या आठवते. दुसरा दिवा रिजनरेशनचा. सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी ती जाळून काढते. उभ्या गाडीत करायची वेळ आली तर वाळलेल्या गवतावर किंवा ताडपत्रीच्या ढिगाजवळ उभी करू नका, एक्झॉस्ट भयंकर तापतो. दिवा दाबून पुढे पळणाऱ्यांचा खर्च शेठ पगारातून कापतो.

कागद बदललेत. जकात नाके गेले, फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा. ई-वे बिलाकडे, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाकडे, मात्र डोळ्यात तेल घालून बघा. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत वाढवता येते, म्हणून गाडी अडकली की ताबडतोब ऑफिसला फोन. बंद पडलेल्या गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलावर नवा गाडी नंबर आल्याशिवाय हलू नका. बिल्टीवरचा (मालाच्या पावतीवरचा) आणि वजनकाट्याचा आकडा स्वतः वाचून बघा, चष्मा लावून.

रोज सकाळची पाच मिनिटं ब्रेकच्या हवेसाठी ठेवा. टाक्यांखालचे कॉक उघडून पाणी काढा. गाडी सुरू करून हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि काट्याकडे बघत बसा. काटा डोळ्यादेखत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. खाली उतरून कान लावा, सूं आवाज येतोच.

अंतराचं गणित मला वर्गात फळ्यावर पटलं. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, हवा चाकापर्यंत पोचायला आणखी थोडा वेळ. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी आपल्या गाडीच्या दुप्पट लांबी खाऊन गेलेली. पुढचा ट्रक एखादा खांब ओलांडतो तेव्हापासून मोजा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत निदान पाच अंक झाले पाहिजेत. मधे कारवाले घुसतात. घुसू द्या, परत मोजा.

समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा जाताना वेगळी सावधगिरी. तिथे खड्डा नाही, बाजार नाही, म्हैस नाही. जुन्या रस्त्याला शिव्या देत आपण जागे राहायचो, इथे काहीच घडत नसल्याने डोळा लागतो. जाण्याआधी टायरची हवा थंड टायरवर तपासा.

झोपेचं खोटं बोलत नाही. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा, 2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. लाइनवर तो कोण पाळायचं हे तुम्हालाही माहीत आहे. मी एवढंच करतो: रात्री दोन ते पाच गाडी उभी. नोकरीला लागतानाच शेठला सांगितलं, "पहाटेचे तीन तास मी चालवणार नाही, बाकी गाडीला ओरखडा येणार नाही." दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने ठेवलं. त्या तिसऱ्याने कोर्सचं सर्टिफिकेट मागून घेतलं आणि त्याची झेरॉक्स गाडीच्या फायलीत लावली. पगार त्यामुळे लगेच वाढला असं काही नाही, पण महिनाभर किन्नरसारखी ट्रायल करायला लावतात ती माझी चार दिवसांत संपली.

पहिले तीन महिने दोन-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या मागा, नाशिक-वाशी, नाशिक-सुरत अशा. भत्ता कमी मिळतो. पण घाट रोज लागतो आणि हाताची परीक्षा होते. माझ्या पहिल्या फेरीला कसाऱ्याच्या तोंडाशी, गाडीत कांदा आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग असताना मी तिसऱ्या गियरवर आलो. डावा हात गियरच्या मुठीवर होता. तो तिथून उचलून स्टेअरिंगवर ठेवायला मला मुद्दाम जोर लावावा लागला. पूर्ण घाटभर एक कंटेनरवाला मागून डिपर मारत होता. खाली आल्यावर चहाला थांबलो तर तोही थांबला. त्याच्या मागच्या चाकांतून जळक्याचा वास येत होता. मी त्याला ड्रमजवळ तळवा धरायला लावला.

एक राहिलं. केबिनमध्ये धुतलेलं जुनं सुती धोतर ठेवा. आरसे आणि काच पुसायला त्याच्यासारखं काही नाही, धागे सुटत नाहीत.