ज्येष्ठेजवळची धूळ टिपायची तर

वृश्चिक राशीतल्या ज्येष्ठा ताऱ्याभोवतीच्या अंतराळातल्या धुळीचा फोटो काढायचा तर एप्रिलमधली अमावास्या धरा. पुण्याच्या अक्षांशावर महिन्याच्या मध्याला ज्येष्ठा रात्री पाऊणच्या सुमारास ३० अंश वर येते, साडेतीनला ४५ अंशांची कमाल उंची गाठते आणि पाचला उजाडू लागतं. म्हणजे कामाचे चार तास. लडाखमधल्या हान्लेचं आकाश कितीही काळं असो, तिथे ती ३१ अंशांच्या वर जातच नाही; या एका बाबतीत आपण नशीबवान. जागा अशी हवी की दक्षिणेला शहर नाही आणि उत्तरेला डोंगर नाही. ध्रुवतारा इथे जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, तो झाकला गेला तर ट्रॅकरची (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राची) पोलर अलाइनमेंट (अक्ष ध्रुवाकडे रोखणं) अडते.

नॅरोबँड फिल्टर (ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश आत सोडणारा) घरीच ठेवा. ज्येष्ठा आणि शेजारच्या रो भुजंगधारी ताऱ्याभोवतीची पिवळी-निळी धूळ स्वतः प्रकाशत नाही, ताऱ्यांचा उजेड परावर्तित करते. तो सगळ्या तरंगलांबींत पसरलेला, त्यामुळे फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर धूळही कापतो. सिग्मा वृश्चिक ताऱ्याभोवतीचा लाल हायड्रोजन तेवढा उठून येईल, पण त्यासाठी बाकीचं कशाला घालवायचं?

सामानात १३५ मिमी लेन्स, ट्रॅकर, भक्कम ट्रायपॉड, इंटरव्हॅलोमीटर (ओळीने फोटो काढत राहणारा रिमोट), जादा बॅटऱ्या, लाल टॉर्च, दवासाठी लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबी हीटर, त्याची वेगळी पॉवर बँक आणि चिकटपट्टी. लेन्सवर बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची चिरांची जाळी) लावून ज्येष्ठेवर फोकस झाला की फोकस रिंग लगेच चिकटवा. हीटरचा पट्टा सरकवताना ती हमखास हलते. हवा गार होईल तसा फोकस सरकतो, म्हणून तासातासाने एक फ्रेम मोठी करून बघा.

एफ/२.८, आयएसओ ८०० ते १६००, ९० सेकंदांच्या रॉ फ्रेम्स. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून पाव अंतरावर हवा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर निम्मी रात्र त्यातच जाते. दर तीन-चार फ्रेम्सनंतर चौकट किंचित सरकवा. हे डिदरिंग टाळलं की स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम्स एकत्र करून बनणाऱ्या फोटोत) तिरक्या रेघा उमटतात.

फ्लॅट्सना (कडांचा काळेपणा मोजणाऱ्या, एकसारख्या उजेडाच्या कोऱ्या फ्रेम्सना) फाटा देऊ नका. लेन्समुळे फोटोच्या कडा जितक्या काळवंडतात, त्यापुढे धुळीचा उजेड काहीच नाही. नंतर सॉफ्टवेअरने तो काळेपणा काढायला गेलात तर धूळही पुसली जाते. उजाडताना फोकस आणि अ‍ॅपर्चर न बदलता लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून ३० फ्लॅट्स घ्या, मग झाकण लावून सर्वांत वेगवान शटरने ३० बायस (सेन्सरचा मूळ नॉइज टिपणाऱ्या फ्रेम्स). ९० सेकंदांचे २० डार्क्स (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम्स) मात्र त्याआधी, शेवटच्या फ्रेमनंतर लगेच काढा. घरी खोलीत काढले तर सेन्सरचं तापमान जुळत नाही.